एमराल्ड कट हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर कटची ग्रेडच नाही, घ्यावा का?

कॉलेजरोडची_लेक: आईच्या साठीला अंगठी करायचीय आणि तिला गोल नको, लांबट चौकोनी एमराल्ड कटच पाहिजे. सराफ बाजारात दोन खडे बघून आले, दोन्हीला जीआयएचं (हिरे तपासणारी अमेरिकन संस्था) सर्टिफिकेट. पहिला १.०५ कॅरेट, एफ कलर (अगदी पांढरा), एसआय१ (आत थोडे डाग), माप ६.७० × ४.८५ × ३.६९ मिमी. दुसरा १.०१ कॅरेट, एच (एफपेक्षा किंचित पिवळट), व्हीएस१ (डाग अगदी कमी), ७.०० × ५.०० × ३.२५ मिमी. दुकानदार म्हणतात पहिला घ्या, वजन जास्त, रंग पांढरा. पण कटची ग्रेड कुठेच नाही, नुसतं पॉलिश आणि सिमेट्री. सर्टिफिकेट खरं असेल ना? एवढे पैसे एकदम पहिल्यांदाच देतेय, झोप लागत नाहीये.

सुरत_रिटर्न: ताई, रिपोर्ट नंबर जीआयएच्या साइटवर टाकून बघा म्हणजे खात्री होईल. कटची ग्रेड ते गोल ब्रिलियंटलाच (नेहमीचा गोल, लखलखता कट) देतात, त्यामुळे ती नसणं बरोबरच आहे. मी सुरतला अकरा वर्षं हिरे घासलेत, माझं ऐका, पहिला घेऊ नका. ४.८५ रुंदीला ३.६९ खोली म्हणजे ७६ टक्के, सगळं वजन पोटात गेलंय, वरून तो दुसऱ्यापेक्षा लहानच दिसणार आणि पैसे मात्र जास्त वजनाचे. दुसरा ६५ टक्के आहे, साधारण ६० ते ६८ मधे बरा असतो. आणि एसआय१ गोल हिऱ्यात लखलखाटात लपून जातो, इथे पैलू म्हणजे गोदाघाटाच्या पायऱ्या, लांब पट्ट्या एकाखाली एक, वरचं टेबल म्हणजे सपाट माथा सताड उघडा, पार तळापर्यंत दिसतं. सर्टिफिकेटवरच्या आकृतीत डाग कुठे काढलाय बघा, कडेला असला तर अंगठीच्या नखाखाली (खडा धरणारी पकड) झाकता येतो, मधोमध असला तर एकाच डागाची तीन-चार प्रतिबिंबं दिसतात.

त्र्यंबकरोड: +१. आपल्या त्र्यंबकेश्वराचा नाशिक हिरा आठवा. १८१८ मधे इंग्रजांच्या हाती गेला, पुढे १९४० मधे अमेरिकन जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने घेऊन परत घासला, ऐंशीच्या आसपास कॅरेटचा ४३.३८ कॅरेट केला, आणि आकार दिला एमराल्डचाच. जवळजवळ निम्मं वजन घालवलं त्याने, म्हणजे वजन हेच सगळं नव्हे! एचची काळजी करू नका, पिवळ्या सोन्यात छान दिसतो. फक्त दुकानाच्या स्पॉटलाइटखाली बघू नका, तिथे काचही चमकते. आणि खड्यातून आरपार बोट दिसत नाही ना तेवढं बघाच, माझ्या वहिनीच्या खड्यातून बोटाच्या रेषा दिसायच्या.

कॉलेजरोडची_लेक: आज परत गेले, दोन्ही खडे चिमट्यात धरून दाराशी उजेडात बघितले. पहिल्याच्या मधोमध काळं होतं, कसाही कलवला तरी हलेना, आणि भिंगातून पांढरा ठिपका बरोब्बर टेबलाखाली. दुसरा जरासा हलवला की पट्ट्या एकेक करून उजळत जायच्या नि विझत जायच्या. माझ्याआधी आईच म्हणाली, हा. पिवळ्या सोन्यात सांगितलाय, चार कोपऱ्यांना चार नखं. दादा, खूप आभार.