पलटणीचे 'कलर्स' : ध्वज, निशाण की आणखी काही?

उभयान्वयी

एका माजी सैन्याधिकाऱ्याच्या इंग्रजी आठवणींचं मराठी करतोय. त्यात 'कलर्स' हा शब्द पदोपदी येतो. म्हणजे पलटणीचा तो मानाचा रेशमी झेंडा, ज्यावर पलटणीने गाजवलेल्या लढायांची नावं भरतकामात असतात. मी सगळीकडे 'निशाण' लिहिलं. संपादकांनी सगळीकडे 'ध्वज' केलं. त्यांचं म्हणणं असं की 'निशाण' वाचून आजच्या मराठी वाचकाला नेमबाजी आठवते, नाहीतर निवडणूक.

असेलही. पण दुरुस्तीनंतरचं हे वाक्य बघा : 'राष्ट्रपतींना सलामी देताना ध्वज झुकवण्यात आला. ध्वज कोणापुढेही झुकत नाही, हे मला तेव्हा ठाऊक होते.' मुळात पहिला ध्वज पलटणीचा आहे आणि दुसरा राष्ट्राचा. दुसऱ्याला 'राष्ट्रध्वज' केलं तरी वाचक अडखळतोच. एका दैनिकात तर 'पलटणीला राष्ट्रपतींचे रंग प्रदान' असंही वाचलंय, तेव्हा तो पर्याय कृपया सुचवू नका.

कोशकिडा

'निशाण' ठेवा आणि संपादकांना मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश दाखवा. शब्द फारसी आहे. खूण आणि झेंडा हे दोन्ही अर्थ तो येतानाच घेऊन आला. बखरींत फौजेच्या पुढे निशाणाचा हत्ती चालतो, तो काही नेम धरायला नव्हे. नेमाचा शब्द 'निशाणा', तो वेगळा. 'विरोधकांवर निशाणा साधला' हे हिंदी बातम्यांवरून आलंय. मराठीत नेम धरतात किंवा शरसंधान करतात. वर्तमानपत्रांनी केलेल्या गोंधळाची शिक्षा 'निशाण'ला का?

शुद्धमती

घरात 'ध्वज' असताना फारसीच्या दारात कशाला जायचं? 'ध्वज' वेदकाळापासून आहे. पलटणीचा तो 'पलटणध्वज', किंवा 'मानध्वज' म्हणा. समास करता येणं हीच तर आपल्या भाषेची ताकद.

कोशकिडा

'पलटण' कुठल्या वेदातला?

शुद्धमती

बरं, 'पथकध्वज' घ्या. मुद्दा तो नव्हता.

पलटणवाला

पायदळात होतो, आता निवृत्त. ऑफिसर लोक 'कलर्स' म्हणत, आम्ही जवान 'निशान'. परेडमध्ये ते घेऊन येणारी असते ती 'निशान टोली'. 'ध्वज' हा शब्द पलटणीत कोणी बोलल्याचं आठवत नाही, आणि तिरंग्याला 'निशान' म्हटल्याचंही आठवत नाही. दोन वस्तू दोन शब्दांनी वेगळ्या होत्या.

फरक विचाराल तर झेंडा एका जागी उभा असतो, निशान चालतं. तिरंगा आम्हाला रोज दिसायचा. संध्याकाळी बिगुल वाजला की हातात काहीही असो, पाण्याची बादली का असेना, खाली ठेवायची, झेंड्याकडे तोंड करायचं आणि सावधान. बिगुल थांबेपर्यंत बादलीकडे बघायचंही नाही. निशान मात्र खास परेडलाच बाहेर यायचं. ज्याच्या हाती ते द्यायचे तो गडी आदल्या दिवसापासून गप्प असायचा, कारण वाऱ्यात ते कापड सांभाळणं हे हाताचं नाही, मनगटाचं काम आहे. ते पलटणीचं, आमचं. तिरंगा सगळ्यांचा, तुमचापण.

आणि हो, निशान झुकतं. राष्ट्रपती समोर असले तर पार जमिनीपर्यंत. तिरंगा कोणासाठीच झुकवत नाहीत.

कोशकिडा

वा, हे फार चांगलं सांगितलंत. शेवटच्या मुद्द्याला पुस्ती : ध्वजसंहितेत तसं स्पष्ट लिहिलंय, कोणत्याही व्यक्तीला वा वस्तूला सलामी म्हणून राष्ट्रध्वज झुकवायचा नाही.

निशाण मुळात चालतं कारण ते लढाईत न्यायचं होतं. तोफांच्या धुरात आपली माणसं कुठे आहेत हे कळायला उंच काठीवरची ओळखीची खूण लागे. तिकडे जमायचं, आणि ते पडू द्यायचं नाही. ब्रिटिशांच्या पलटणीने ते शेवटचं रणात नेलं १८८१ साली, दक्षिण आफ्रिकेत लाइंग्ज नेकला. लांब पल्ल्याच्या बंदुका आल्यावर ती खूण शत्रूच्याच सोयीची झाली. तेव्हापासून निशाण फक्त परेडला. म्हणजे 'खूण' आणि 'झेंडा' हे निशाणचे दोन अर्थ दोन नाहीतच, एकच आहेत.

अवांतरप्रेमी

निशाणाच्या हत्तीवरून आठवलं. जुन्या मराठीत 'ढाल' म्हणजेही मोठा झेंडा, आणि तो वाहणारा हत्ती तो ढालगज. सगळ्यांच्या पुढे, मान वर करून चालणारा. त्यावरून 'ढालगज भवानी'. आमच्या आजीची ही आवडती शिवी, आणि आम्ही समजत होतो की गजाएवढी ढाल घेतलेली बाई.

मूळव्याकरण

पण 'झेंडा' का नको? तो तर अस्सल देशी. माझा समज असा की 'ध्वजदंड' वरून 'झेंडा'. प्राकृतात 'ध्वज'चा 'झय' होतो, त्याला दंड चिकटला की झालं. म्हणजे शुद्धमतींनाही तक्रार नको आणि लोकांनाही कळेल.

शुद्धमती

व्युत्पत्ती आकर्षक आहे. पण आकर्षक व्युत्पत्तींबद्दल मला नेहमीच संशय असतो.

मूळव्याकरण

'मानध्वज' आजच पाडलात त्याचा नाही आला?

रथी

सगळेच चुकताय. संस्कृतात ध्वज म्हणजे कापड नव्हेच. काठी आणि तिच्यावरचं चिन्ह तो ध्वज, फडफडणारं कापड ती पताका. अर्जुन कपिध्वज, कारण त्याच्या ध्वजावर मारुती बसलाय. तो कापडावर छापलेला नाही. देवळातला ध्वजस्तंभ बघा. काटेकोर व्हायचं तर तिरंग्याला 'राष्ट्रपताका' म्हणायला हवं आणि पलटणीच्या चिन्हाला 'ध्वज'. म्हणजे संपादक बरोबर, कारण मात्र चुकीचं.

फळाखडू

'राष्ट्रपताका' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलनाच्या दोऱ्या येतात. शब्दाला वापराने वजन येतं, तेही हलकं-भारी होतं. पताका वारकऱ्याच्या खांद्यावर शोभते, ध्वजा देवळाच्या शिखरावर. झेंडा पक्षाचाही असतो, राष्ट्राचाही आणि उपहासाचाही ('काय झेंडे लावलेस?').

मला खरं तर वेगळंच विचारायचंय. आमच्या शाळेत यंदा फलकावर 'झेंडावंदन' लिहिलं तर एका पालकांनी हरकत घेतली : '१५ ऑगस्टला ध्वजारोहण असतं, २६ जानेवारीला ध्वज फडकवतात, झेंडावंदन असा शब्दच नाही.' आम्ही लहानपणापासून झेंडावंदनालाच जातोय. बरोबर काय?

रथी

पालकांकडे तो दरवर्षी फिरणारा संदेश आलेला दिसतोय. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. लाल किल्ल्यावर पंतप्रधान तिरंगा खालून वर चढवतात, आणि प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपती वर आधीच बांधून ठेवलेला ध्वज दोरी ओढून उलगडतात. एवढी प्रथा खरी. पण तिच्यावरून मराठी शब्दांची वाटणी करून टाकायचं कारण नाही. संहितेत शाळांच्या भागात 'अनफर्ल' (उलगडणे) हेच क्रियापद आलंय, दिवसाचा भेद न करता.

शुद्धमती

'झेंडावंदन' हा संकर आहे. देशी शब्दाला संस्कृत शेपूट. 'ध्वजवंदन' म्हणावं.

फळाखडू

संकर खराच, पण तीन पिढ्या नांदतोय.

आणि 'ध्वजारोहण' तरी कुठे धड आहे? आरोहण म्हणजे स्वतः चढणं. 'मंत्र्यांनी ध्वजारोहण केले' यात व्याकरणाने मंत्रीच काठीवर चढतात.

शिवाय प्रत्यक्षात शाळेत होतं ते उलगडणंच, तारीख कुठलीही असो. आदल्या संध्याकाळी झेंड्याची घडी घालून, आत पाकळ्या भरून, सरकगाठ मारून तो वर बांधून ठेवायचा. गाठ सैल राहिली तर रात्रीच्या वाऱ्याने उघडतो. घट्ट बसली तर सकाळी प्रमुख पाहुणे दोरी ओढतायत, बँड थांबलाय, आणि वर गाठोडं हलतंय. म्हणून आमचे एनसीसीचे सर मुलांना चार-चारदा उलगडून दाखवायला लावत आणि दरवेळी विचारत, 'केशरी कुठे?' मुलं हसायची. ज्याने एकदा उलटा झेंडा वर गेलेला पाहिलाय तो हसत नाही.

नागरिक क्र. १

'वंदन' हा शब्द का रुजला याचा कोणी विचार केलाय का? घटना समितीने तिरंगा स्वीकारला २२ जुलै १९४७ ला. पण त्यानंतर कित्येक दशकं साध्या माणसाला ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले तर घरावर तो लावायची मुभा नव्हती. झेंडा सरकारी इमारतीवर, आपण खाली रांगेत. आपलं काम एकच, वंदन. २६ जानेवारी २००२ पासून नवी संहिता आली आणि खाजगी व्यक्तींना वर्षभर ध्वज लावता येऊ लागला. जानेवारी २००४ मध्ये उद्योगपती नवीन जिंदाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मान राखून राष्ट्रध्वज फडकवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिस्टर आणि यंत्रावर बनवलेलं कापड चालू लागलं, जुलै २०२२ मध्ये घरावर रात्रीही ठेवायची परवानगी मिळाली.

आता लोक काय म्हणतात ऐका : 'आम्ही घरावर झेंडा लावला.' वंदन गेलं, लावणं आलं. क्रियापद बदललं म्हणजे नातं बदललं. मला तरी हे चांगलं वाटतं. पलटणवाल्यांचं निशान जसं 'आमचं', तसा तिरंगा नागरिकाला 'आमचा' वाटायला पन्नासएक वर्षं लागली.

शुद्धमती

आणि १६ ऑगस्टला तोच 'आमचा' झेंडा गटारात दिसतो, त्याचं काय? 'लावणं' हा शब्दच उथळ आहे. दिवे लावतात, तोरण लावतात. ध्वज उभारतात.

मूळव्याकरण

अटकेपार काय लावले मग?

शुद्धमती

तो वाक्प्रचार आहे.

पलटणवाला

१६ ऑगस्टबद्दल शुद्धमतींशी सहमत, शब्दाबद्दल नाही. खराब झालेला झेंडा कुठेही टाकायचा नसतो, एकांतात, शक्यतो जाळून, मानाने नष्ट करायचा, असा नियम आहे. किती जणांना माहीत आहे? घडीसुद्धा शिकवायला हवी. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा दोन्ही बाजूंनी असा मुडपायचा की वर चक्र आणि दोन्ही रंगांची थोडी थोडी कड राहील. मग दोन्ही तळहातांवर आडवा धरून न्यायचा. काखेत नाही. आमच्याकडे नवीन पोराने काखेत मारला होता, त्याला पुढची वीस मिनिटं जे ऐकावं लागलं ते मराठीत आणणं उभयान्वयींनाही जमणार नाही.

उभयान्वयी

मंडळी, झेंडावंदनाचं काय ते ठरवा, पण माझं पुस्तक छपाईला जायचंय. संपादकांना 'निशान टोली'चा दाखला दिला. त्यांचं उत्तर : ती सैन्याची हिंदी, मराठी नव्हे. आता ते 'मानचिन्ह' म्हणतायत. पलटणीने समारंभात मानचिन्ह स्वीकारलं म्हटल्यावर मला तर शाल आणि नारळच दिसतो.

कोशकिडा

'मानचिन्ह' अजिबात नको. सरकारी हिंदीत 'निशान' सर्रास चालतं. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विमानवाहू युद्धनौका विक्रांत नौदलात दाखल झाली, त्या दिवशी नौदलाच्या नव्या ध्वजाचं अनावरण झालं. सेंट जॉर्जचा क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. सरकारी निवेदनात त्यालाही 'निशान'च म्हटलं होतं. मराठी बातम्यांनी अर्थातच 'ध्वज' छापलं. शिवकालाची आठवण म्हणून आणलेल्या वस्तूला बखरीतला शब्द मराठीनेच नाकारायचा!

रथी

कोशकिडे, इथे मात्र तुमची गल्लत होतेय. नौदलाचं जे बदललं ते जहाजावर लावायचं 'एन्साइन'. राष्ट्रपतींकडून मिळणारे 'कलर्स' ही वेगळी वस्तू. ते नौदलाला १९५१ मध्येच डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मिळाले होते. दोन्हींना निशाण म्हटलं तर उभयान्वयींची अडचण आहे तिथेच राहते. शिवाय रणगाड्यांच्या रेजिमेंटना 'स्टँडर्ड' आणि 'गायडन' हे असेच मानाचे झेंडे मिळतात, त्यांना काय म्हणणार?

कोशकिडा

एखादा मानाचा शब्द हवा असेल तर 'जरीपटका' म्हणा. पेशवाईत सरदाराला जरीपटका मिळणं म्हणजे काय होतं ते कोणालाही विचारा. जरीचं काम, वरून मिळालेला मान, स्वारीत पुढे चालणं, सगळं जुळतं.

पलटणवाला

जरीपटका चांगला शब्द आहे. पण आमच्या पलटणीत तो मराठी पोरांनाच कळला असता, आणि निशान सगळ्यांचं होतं. तमिळ गडीही 'निशान'च म्हणायचा.

शुद्धमती

जरी फारसी आहे.

फळाखडू

आता हे कुठवर नेणार? बरं, एक शंका. राष्ट्रीय दुखवट्यात ध्वज 'अर्ध्यावर उतरवला' म्हणायचं की 'अर्ध्यावर फडकवला'? संहितेनुसार तो आधी क्षणभर पूर्ण वर न्यायचा आणि मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी काढतानाही पुन्हा टोकापर्यंत नेऊन मगच उतरवायचा. मग 'अर्ध्यावर फडकवला' हे चूकच ना?

रथी

'अर्ध्यावर आणला'.

मूळव्याकरण

'अर्ध्या काठीवर'. नुसतं 'अर्ध्यावर' म्हणजे कशाच्या?

शुद्धमती

'अर्धोन्नत'.

कोशकिडा

हा शब्द आपण आत्ताच पाडलात ना?

शुद्धमती

कोणीतरी कधीतरी पाडल्याशिवाय कुठला शब्द आला?

अवांतरप्रेमी

ढालगजवर कोणीच काही बोललं नाही. तो हत्ती असेल तर शिवी फक्त बायकांनाच का?