रिप्ले बघून मारलेला टाइम तुमचा का?

घोडबंदरकर:
एन प्लस प्लस हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी मत द्या. न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: काडीएवढा निन्जा, डावीकडे, उजवीकडे आणि उडी, एवढंच हातात. एकदा वेग आला की लगेच आवरत नाही. सुरुवातीला ९० सेकंद, सोन्याच्या प्रत्येक तुकड्याला आणखी २, आणि दारातून निसटताना उरेल तेवढा स्कोअर. लेव्हल आपणही बनवू शकतो.

मी ठाणे स्टेशनचा पूल डोक्यात ठेवून एक बनवली. जिने म्हणजे उतार, गर्दी म्हणजे सुरुंग. तीन आठवडे घासून पहिला नंबर टिकवला होता. काल मामेभावाने माझा रिप्ले (माझ्या धावेचं रेकॉर्डिंग, ते कुणालाही बघता येतं) दोनदा बघितला आणि जेवायला बसायच्या आत मला खाली ढकललं. नवीन लेव्हलचे रिप्ले महिनाभर बंद हवेत. वाट शोधणं हीच अर्धी मेहनत, आणि तीच फुकट वाटली जाते.

ऐरोली_स्लो:
नाही पटलं. उंचावरून सपाट जमिनीवर आदळलं की निन्जा मरतो, पण त्याच वेगात उतारावर उतरला तर वाचतो आणि वेगही राहतो. हे मला स्वतःहून कधीच सुचलं नसतं. वरच्या नंबरवाल्याचा रिप्ले बघितला तेव्हा ट्यूब पेटली.

घोडबंदरकर:
ते तंत्र झालं, ते शिका की! मी वाटेबद्दल बोलतोय.

तलावपाळी७:
ठाण्यात राहून हे विचारतोस? नऊ थर कसे लागतात त्याचे व्हिडिओ सगळी पथकं बघतात. नुसते बघून कुणाचे लागले?

घोडबंदरकर:
हंडीत वजन स्वतःच्या खांद्यावर येतं.

तलावपाळी७:
आणि इथे बोटं भाड्याने मिळतात का?

सानपाडा_कारशेड:
मी लेव्हल बनवणारा, म्हणून धागाकर्त्याच्या बाजूने, पण कारण वेगळं. एका लेव्हलमध्ये मी डावीकडून भिंतीला घासत चढायची वाट ठेवली होती. फार मेहनतीची. पहिल्या दिवशी कुणीतरी उजवीकडून शॉर्टकट काढला, रिप्ले चढला, आणि त्यानंतर डावीकडे कुणी फिरकलं नाही. चार रात्री पाण्यात.

ऐरोली_स्लो:
ठाण्याला १० नंबर फलाटावर वाशी गाडी लागलेली असताना लांबच्या जिन्याने कोण येईल हो? शॉर्टकट राहिला ती चूक तुमची. आणि रिप्ले आजचे नाहीत. टोरंटोच्या मेटानेट कंपनीने याच गेमचा पहिला अवतार, एन, २००४ मध्ये फुकट काढला, तेव्हाही धावेचा डेमो साठवून दुसऱ्याला देता यायचा. (आपली ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकल पण २००४ चीच. गर्दीत तीच पुढे.)

सानपाडा_कारशेड:
चूक माझी, मान्य. पण ती बुजवायला पहिला आठवडा तरी द्या. महिना जास्त होतो.

मामेभाऊ_कळवा:
दादा, मी पण इथेच आहे. वाट तुझीच घेतली, नाही म्हणत नाही. पण तिसऱ्या जिन्याखालचं एक सोनं तू प्रत्येक वेळी सोडतोस. मी तेवढं उचललं. त्यासाठी उडी अर्धी मारावी लागते, मला साठ-सत्तर वेळा मरून जमलं.

घोडबंदरकर:
सुरुंगाला न लागता? थांब, तुझा रिप्ले बघतो.