मदत हवी आहे: कवच (गाड्यांची टक्कर टाळणारी रेल्वेची स्वयंचलित यंत्रणा) असतं तर ओडिशातल्या बहानगाची टक्कर टळली असती का?

सिग्नलिंगमधलं कळणाऱ्या मंडळींना एक शंका विचारायची आहे.

मला समजलंय ते असं. आधी ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळावर गाडी आहे का हे ओळखणारी सोय. रुळांतून हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, रिलेला (प्रवाहावर चालणाऱ्या स्विचला) प्रवाह मिळत नाही, तो पडतो आणि सिग्नल लाल होतो. वायर तुटली, वीज गेली, तरी रिले पडणारच. ट्रॅक सर्किटची ही युक्ती विल्यम रॉबिन्सनची, १८७२ची. मला तरी अजून तिला तोड दिसत नाही. (ॲक्सल काउंटर आत गेलेले आणि बाहेर पडलेले आस मोजतो, तो वेगळा.)

कवच या सगळ्याच्या वर. स्लीपरवरचे आरएफआयडी टॅग वाचून इंजिनाला आपली जागा कळते, सिग्नलची स्थिती स्टेशनाकडून रेडिओवर येते. लोको पायलट लाल सिग्नल ओलांडू लागला तर ब्रेक आपोआप लागतो.

आता अडतं ते इथे. २ जून २०२३ला बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता, पण सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड) लूप लाइनकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, आणि तिथे मालगाडी उभी. मित्र छातीठोकपणे सांगतो, कवच असतं तर प्रवासी वाचले असते. पण कवचला माहिती इंटरलॉकिंगच (सांधे आणि सिग्नल यांचा मेळ राखणारी स्टेशनची यंत्रणा) पुरवणार ना? तेच खोटं सांगत असेल तर?

प्रतिसाद:
शंका रास्त आहे. स्टेशनवरचं कवच इंटरलॉकिंगवर विसंबतं. तिथे हिरवा म्हटल्यावर ते ब्रेक कशाला लावेल? दोन इंजिनं रेडिओवर थेट बोलतात हे खरं, पण त्यासाठी मालगाडीच्या इंजिनातही कवच हवं. शिवाय सव्वाशेच्या वेगात सांध्यावरून आत शिरल्यावर थांबायला जागा उरते कुठे? चौकशीत दोष निघाला तो गुमटीतल्या (रुळालगतच्या सिग्नल उपकरणांच्या खोलीतल्या) वायरिंगच्या बदलांत. वायर हलवली की सांधा आणि सिग्नल यांचा मेळ पुन्हा तपासून मगच गाडी सोडायची, हा नियम जुनाच आहे. नंतर रिले रूमला, म्हणजे सिग्नलचे रिले असलेल्या खोलीला, डबल लॉकची सक्ती झाली ती कोणी परस्पर वायरला हात लावू नये म्हणूनच.

धागाकर्ता:
आभारी आहे, मित्राला हेच दाखवतो. एक उपप्रश्न: ही तपासणी झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होणारच नाही, अशी सोय यंत्रातच करता येत नाही का?