मदत हवी आहे: काकांच्या महाविद्यालयीन फुटबॉलच्या नोंदी कुठे मिळतील?

1970 च्या दशकात मडगावच्या एका महाविद्यालयाकडून बचावफळीत खेळलेले आमचे थोरले काका नुकतेच निवर्तले. एकत्र कुटुंबाचा भार सांभाळूनही भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतात ते वाड्यावरच्या मुलांना फुटबॉल शिकवत आणि काहींची फीदेखील गुपचूप भरत (हे आम्हांला बाराव्याला आलेल्यांकडून कळले). वर्षश्राद्धाला आठवणींची पुस्तिका काढायची आहे, परंतु खेळाडू म्हणून त्यांचे एकही छायाचित्र घरात नाही. 1985 मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. तेव्हा आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या नोंदी मुंबईत शोधाव्यात, की पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे चाळावीत? त्या काळातील कोणाकडे संघाचे छायाचित्र असल्यास, फाटके असले तरी, कृपया कळवावे.