अपघातानंतर भावाला पीटीएसडी, कोणती थेरपी घ्यावी?

मदत हवी आहे. माझ्या धाकट्या भावाच्या गाडीला मोठा अपघात झाला. हाडं जुळली, पण कर्कश हॉर्न ऐकला की तो अजूनही जागच्या जागी थिजतो, तळवे घामाने ओले होतात. रात्री दचकून उठतो. अपघाताचा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. हे सगळं महिन्याहून जास्त टिकलं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांनी पीटीएसडीचं (आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक तणावाच्या विकाराचं) निदान केलं.

घरचे म्हणतात, "मन घट्ट कर." मला ते अजिबात पटत नाही. धोका टळूनही मेंदूतली धोक्याची घंटा वाजतच राहते, तिथे निर्धार काय करणार?

डॉक्टरांनी दोन पर्याय सुचवलेत: ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (आघाताभोवतीचे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी थेरपी). पहिल्यात त्या आठवणीला आणि टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायचं. दुसऱ्यात आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. त्याला सविस्तर बोलायचीच भीती वाटते, म्हणून माझा कल ईएमडीआरकडे आहे.

कुणी यातून गेलंय का? सुरुवातीच्या सेशननंतर त्रास वाढतो का, आणि तेव्हा घरच्यांनी कसं वागावं? थेरपिस्टने याचं खास प्रशिक्षण घेतलंय का, हे पहिल्या भेटीत कसं विचारावं? 'जाऊ या' असं तो आता स्वतःहून म्हणालाय, त्यामुळे उशीर करायचा नाहीये.