साखरेचा अभिमान सांगताना कोयता कुठे जातो?

गोखलेनगर:
परराज्यातल्या माणसाला महाराष्ट्राचं मोठेपण सांगायची वेळ आली की गडकिल्ल्यांच्या पाठोपाठ सहकार येतो, आणि यायलाच हवा. १९५० साली नगर जिल्ह्यात लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, आपल्या पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले. एक सभासद, एक मत. दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला सभेत बरोबरीने हात वर करतो, ही साधी गोष्ट नाही.

पण या गौरवकथेत कोयता कुठेच नसतो. कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, हिशेबात दोघं मिळून एक. दसरा-दिवाळीला बीडकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन निघायचं ते मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहायचं. दुखणं आलं, काम बुडालं की खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते ती जातेच, वर पाचशेच्या घरातला दंड उचलीत चढतो. साखर आयुक्तालय पुण्यात, ऊस संशोधन मांजरीला. म्हणजे हा विषय आपल्या दारातला आहे. मला या राज्याचा अभिमान आहे आणि या एका गोष्टीची मनापासून लाज वाटते. तुमचं काय मत?

नीराकाठ:
लाज वाटायचीच तर ती कारखान्याची नको, मधल्या साखळीची वाटू द्या. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी. वाहतूकदार मुकादमाला उचल देतो, मुकादम तोडणी मजुरांची टोळी बांधतो. टोळी आलीच नाही तर ट्रॅक्टरवाला कर्जात बुडतो, आणि असं दर हंगामात घडतं. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच एफआरपीतून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, कापला जातो. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरली, पण ते काही पूर्ण हातात पडत नाहीत.

तरीही चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज लागतं. साखर आयुक्तांनी आरआरसी, म्हणजे वसुलीचा आदेश, काढला की जिल्हाधिकारी गोदामातली साखर जप्त करून शेतकऱ्याची बाकी वसूल करतात. सोयाबीनवाल्याला, कांदेवाल्याला असं संरक्षण आहे का? ऊसवाल्याला आहे, कारण तो संघटित झाला. त्याचा मला निखळ अभिमान आहे आणि त्यात कुणी लाज कालवलेली मला पटत नाही.

फडावरून:
नीराकाठ, तुम्ही सांगितलेलं संरक्षण खरंच आहे. पण ते उसाच्या मालकाला आहे, उसाला हात लावणाऱ्याला नाही.

काम कसं चालतं ते बघा. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्यात जास्त. वर खुंट राहिला तर उताराही जातो आणि खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाचे, फुटवेही कमजोर येतात. मग वाढं म्हणजे हिरवा शेंडा छाटायचा, पाचट म्हणजे वाळका पाला सोलायचा, मोळी बांधायची. तीसेक किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं काम बहुतेक बाईचं. गाडी पहाटे दोनला आली तर पहाटे दोनला भरायची, कारण तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळपाला गेला नाही तर वजनही घटतं आणि साखरही. कारखान्याच्या वजनकाट्यावर पावती निघते ती वाहनाच्या नावाने. टोळीचा हिशेब मुकादमाच्या वहीत. पैसे पुरुषाच्या हातात. त्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही.

ही साखळी आपोआप तयार झालेली नाही. मजूर हजेरीपटावर आला की भविष्य निर्वाह निधी आला, अपघाताची भरपाई आली, बाळंतपणाची रजा आली. ते टाळायला मधे दोन माणसं उभी केली आहेत. २०१९ साली बीडमध्ये ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा परवडत नाही, पाळीत कोपीवर ना पाणी ना संडास, आणि जंतुसंसर्ग घेऊन गेलं की पिशवी काढा म्हणून सल्ला. यानंतरही निखळ अभिमान कसा धरायचा, मला कळत नाही.

मांजरी बुद्रुक:
यावर उत्तर यंत्र आहे. हार्वेस्टर, म्हणजे ऊसतोडणी यंत्र, एक कोटीच्या आसपास जातो, २०२३ च्या योजनेत अनुदान ४० टक्के किंवा ३५ लाख, जे कमी असेल ते. पण दोन सऱ्यांत साडेचार-पाच फूट अंतर लागतं. तीन फुटी सरीत तो चालत नाही, आणि वीस गुंठ्यांच्या तुकड्यात वळायलाच जागा नसते. शिवाय पाचट आणि माती मिसळते म्हणून कारखाने वजनात कपात करतात. त्यामुळे शेतकरी कुरकुरतो, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. लावणीच्या वेळी सरी रुंद काढली तरच चार-पाच वर्षांत फरक दिसेल.

फडावरून:
आणि तोवर? यंत्र आलं की बीडकडच्या बालाघाट डोंगरातल्या माणसाच्या हातचं आहे तेही काम जाणार, त्याची सोय कोण करणार? तोडणी कामगार संघटनांशी झालेल्या २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, टनाला साडेतीनशेच्या वर गेला. दोन टन तोडले तर जोडीला सातशे-सव्वासातशे, त्यातून उचल फिटायची.

नीराकाठ:
हजेरीपटाचा मुद्दा मान्य. मी साखळीला दोष दिला, पण ती कुणाच्या सोयीची हे बोललो नव्हतो. मात्र शेतकऱ्याला आरोपी करू नका. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठीच्या महामंडळाला टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तितकेच सरकारने द्यायचं ठरलेलं आहे. ते आधी मागा.

गोखलेनगर:
मग हिशेब करू. रोज पाच हजार टन गाळणारा कारखाना १२० दिवस चालला तर सहा लाख टन. दोन्हीकडचे मिळून एक कोटी वीस लाख. जोडीमागे रोज दोन टन धरले तर अडीच हजार कोयते लागतात. कोयत्यामागे हंगामाला आले ४,८०० रुपये, म्हणजे दहा खाड्यांपेक्षा कमी. एवढ्यातही कोपींच्या तळावर पाण्याची टाकी, फिरते संडास आणि आठवड्याला एक नर्स बसते. फडावरून, हे तळ कारखान्याच्या हद्दीत किती आणि शेतात विखुरलेले किती असतात? त्यावर टाक्या कुठे ठेवायच्या ते ठरेल.