रेस्ट गेला तरी को-रेस्ट तिथेच का थांबतो?

अर्धवट_अ‍ॅक्सॉन
नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोटेक, सेमिनारला जीन सायलेन्सिंग (पेशी जीन्स बंद कसे ठेवते ते) घेतलंय आणि आता फसलोय. पुस्तकात सरळ लिहिलंय की बाकीच्या पेशींमध्ये रेस्ट हे प्रोटीन न्यूरॉनचे जीन्स बंद ठेवतं, पेशी न्यूरॉन व्हायला लागली की रेस्ट जातो, जीन्स चालू, विषय संपला. पण पेपर उघडला तर बीडीएनएफ या न्यूरॉनमधल्या प्रोटीनच्या जीनवर रेस्ट गेल्यावरही त्याचा जोडीदार प्रोटीन को-रेस्ट ठाण मांडून बसलाय आणि सोबत मेकपी-टू (मिथाइल लागलेल्या डीएनएवर बसणारं प्रोटीन) पण! को-रेस्ट तर रेस्टलाच चिकटतो ना, मग त्याला धरून कोण ठेवतं?

सेंट्रीफ्यूजवाला
पुस्तकाने जरा जास्तच सोपं केलंय. रेस्ट स्वतः फारसं काही करत नाही, तो मुकादम आहे. डीएनएवर साधारण २१ अक्षरांची आरई-१ नावाची खूण असते, तिच्यावर झिंक फिंगरनी (डीएनए पकडणारे त्याचे भाग) बसायचं आणि माणसं, म्हणजे मदतनीस प्रोटीन्स, बोलवायची, स्वतःच्या एन टोकाला (सुरुवातीचं टोक) सिन-३, सी टोकाला (शेवटचं टोक) को-रेस्ट. दोघंही एचडॅक नावाची एन्झाइम घेऊन येतात, शिवाय को-रेस्ट एलएसडी-१ हे आणखी एक एन्झाइम पण आणतो. सेमिनारमध्ये वेळ इथे घालव, कारण ही प्रोटीन्स नुसती शेजारी बसलेली नसतात, एकाचं काम दुसऱ्यावर अडलेलं असतं. एचडॅकने हिस्टोनवरचे (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रोटीन्स) अ‍ॅसिटिल काढले की मगच एलएसडी-१ ला एच३के४ (एच३ हिस्टोनवरची एक जागा) वरचे मिथाइल नीट काढता येतात, आणि को-रेस्ट नसेल तर एलएसडी-१ सुट्या हिस्टोनवर चालतो पण न्यूक्लिओसोम (डीएनए गुंडाळलेले हिस्टोन) दिला की ढिम्म.

आता तुझा प्रश्न. गेल मँडेल यांच्या लॅबचा २००५ चा पेपर वाच. काही जीन्सवर फक्त आरई-१ असते, तिथे रेस्ट उठला की सगळेच उठतात. बीडीएनएफ, कॅलबिंडिनसारख्या जीन्सजवळ मात्र डीएनएवर मिथाइल लागलेली वेगळी जागा असते, तिथे मेकपी-टू बसतो आणि को-रेस्ट त्या बाजूला असतो, रेस्टच्या भरवशावर नाही. त्यामुळे न्यूरॉन तयार झाला तरी हे जीन्स मंदच राहतात, पेशीत सिग्नल आला, कॅल्शियम आत शिरलं, की मेकपी-टू उतरतो आणि जीन जोरात चालू.

निसल_काका
बाकी सगळं पटलं, पण "मेकपी-टू उतरतो" हे २००३ च्या पेपरांमधलं चित्र आहे, ते जसंच्या तसं स्लाइडवर टाकू नकोस, कोणीतरी धरेल. प्रौढ न्यूरॉनमध्ये मेकपी-टू जवळपास हिस्टोनच्या तोडीने असतो, जीनोमभर पसरलेला. २०११ मध्ये ग्रीनबर्ग लॅबने दाखवलं की सिग्नल आल्यावर मेकपी-टूच्या सेरीन ४२१ (त्यातलं ४२१ वं अमिनो आम्ल) वर फॉस्फेट लागतो तो सगळीकडेच लागतो, ठरावीक जीनवरूनच मेकपी-टू सुटतो असं दिसत नाही. मेकपी-टूची एनकोर/स्मर्ट कॉम्प्लेक्सशी (जीन्स दाबणारा प्रोटीन्सचा गट) जी जोडणी आहे ती जास्त महत्त्वाची निघाली. रेट सिंड्रोममधलं (मेकपी-टू बिघडल्याने मुख्यतः मुलींना होणारा मेंदूचा आजार) आर३०६सी म्युटेशन नेमकी तीच तोडतं. डीएनएवर बसणं शाबूत आणि तरी मुलीला रेट, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा.

पिपेट_पाटील
आणि रेस्ट जातो कसा तेही टाक, ते सगळे विसरतात. स्टेम सेलमध्ये भरपूर असतो, न्यूरल प्रोजेनिटर होताना बीटा-टीआरसीपी हे प्रोटीन त्याच्यावर युबिक्विटिनची खूण लावून प्रोटिअसोमकडे (प्रोटीन्स तोडणारं यंत्र) पाठवतो, शेवटी त्याचा स्वतःचा जीनही बंद होतो. शिवाय रेस्ट मिर-१२४ (एक मायक्रो-आरएनए, म्हणजे दुसऱ्या जीन्सना दाबणारा छोटा आरएनए) ला दाबतो आणि मिर-१२४ रेस्टच्या जोडीदार एससीपी-१ ला दाबतो, त्यामुळे पारडं एकदा न्यूरॉनकडे झुकलं की झुकतच जातं.

अर्धवट_अ‍ॅक्सॉन
भारी, धन्यवाद सगळ्यांना 🙏 पण चिपमध्ये (कुठलं प्रोटीन डीएनएच्या कुठल्या तुकड्यावर बसलंय ते बघायची चाचणी) को-रेस्ट आणि मेकपी-टू दोन्ही एकाच तुकड्यावर मिळाले म्हणजे ते एकमेकांना धरून आहेत असं म्हणायचं ना?

सेंट्रीफ्यूजवाला
नाही रे! चिपमध्ये लाखो पेशी एकत्र असतात, अर्ध्यांत एक आणि अर्ध्यांत दुसरा असला तरी तुला दोन्ही दिसणार. एकाच तुकड्यावर एकाच वेळी आहेत का ते बघायला री-चिप (एकापाठोपाठ दोन्ही प्रोटीन्ससाठी चिप), धरून आहेत का ते बघायला को-आयपी (एक प्रोटीन ओढून दुसरं सोबत येतं का ते बघणं), आणि को-आयपी करताना डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) टाक, नाहीतर दोघंही डीएनएला चिकटलेले असल्यामुळेच सोबत येतील.